पंजाबरावांची जागा

प्लँटमधून रिटायर झालेला माणूस घरात ठेवायचा कुठं, हा कारखान्याजवळच्या रुआबांधा वस्तीतल्या आम्हा बायकांचा जुना प्रश्न. आमच्या शेजारच्या पंजाबरावांच्या बाबतीत तो असा सुटला की हसून हसून माझं पोट दुखलं.

त्यांचा जन्म मशीन शॉपमध्ये गेला. तिथं भिंतीवर मोठी फळी, आणि फळीवर प्रत्येक पान्याची, हातोडीची आकृती रंगवलेली. काम झालं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा. रिकामी आकृती दिसली की पंजाबरावांचा पारा चढलाच! रिटायर झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात झाऱ्याचीही आकृती काढली, तेव्हा घरच्यांनी हात टेकले.

मग सून मृणालनं पुढच्या खोलीत बालवाडी काढायचं ठरवलं. "सेटिंग मी करून देतो, तू फिकर नको करू," पंजाबराव म्हणाले. ती बिचारी भरवसा ठेवून नंदिनी नगरला माहेरी गेली. परतली तर फरशीवर पिवळे पट्टे, दारावर "सावधान", आणि भिंतीवर ती फळी. बाहुल्या, डफली, चेंडू, सगळं आपापल्या आकृतीवर टांगलेलं. पंजाबराव ताडमाड, म्हणून फळीही ताडमाड उंचीवर.

पहिल्या दिवशी मीही मदतीला गेले होते. मुलांनी वर लटकणाऱ्या बाहुल्या पाहिल्या आणि एकजात भोकाड पसरलं. हिंदी बोलणाऱ्या घरातली चिमुकली नीतू तर चौकटीला जी चिकटली ती आत येईचना.

मृणाल तापली. "बाबा, उद्याही पोट्टे असेच रडले, तर तुमी वर्गात पाय नाही ठेवायचा. सांगून ठेवते."

"पण रडून कावून राहिले? सारं तं जागच्या जागी हाये!"

"खाली बसा. नीतूएवढे व्हा, आन् मंग सांगा काय दिसते ते."

पंजाबरावांचा चेहरा उतरला. मला खरंच वाईट वाटलं. त्या खोलीपायी माणूस पुन्हा पहाटे उठायला लागला होता. पण ते मुकाट्यानं गुडघ्यांवर बसले आणि रांगायला लागले. टेबलाची खालची बाजू दिसली, खिळे दिसले. वर पाहिलं तर नुसते बाहुल्यांचे लोंबते पाय.

"बापा! हे तं पूरं गोदाम दिसून राहिलं!"

एवढं बोलले आणि त्यांची कंबर धरली. धाडकन फरशीवर उताणे! मुलं डोळे पुसत बघायला लागली. मग एक फिसकन हसलं, दुसरं हसलं, आणि चौकट सोडून नीतू धावत आली ती थेट त्यांच्या पोटावर चढली.

त्यांना उठवता येईना, म्हणून मी आणि मृणालनं आधी फळीच उतरवली. पंजाबराव पडल्या पडल्या हुकूम सोडत होते, "आजून खाली! आजून!" फळी जमिनीला टेकली आणि मुलांनी तिच्यावर धाड घातली. पिवळ्या पट्ट्यांवरून झुकझुक गाडी निघाली, डफली वाजली, कान किटले. मृणाल हसतेय, मी हसतेय, पंजाबराव "आई गं" म्हणत हसतायत.

घरी जायच्या वेळी मुलांनी सगळं आपापल्या आकृतीवर टांगलं. नीतूनं अजून फरशीवरच पडलेल्या पंजाबरावांकडे पाहिलं. यांचीच तेवढी आकृती नव्हती! तिनं खडू घेतला आणि त्यांच्याभोवती फिरवायला सुरुवात केली. बगलेशी खडू आला तेव्हा ते असे खिदळले की रेघ वाकडीच झाली.

दुसऱ्या दिवशी कुणी रडलं नाही. तरी पंजाबराव बाहेर व्हरांड्यातच, उलटा पेपर धरून. मृणालचं कालचं बोलणं मनाला लागलं होतं.

"बाबा, आत या नं," मृणालनं दारातून म्हटलं. पेपर हलला नाही.

मग नीतू आली. तिनं बोट धरून त्यांना आत ओढलं आणि फरशीवरची वाकडीतिकडी आकृती दाखवली.

"दादाजी, आपकी जगह खाली है."

पंजाबरावांनी डोळे पुसले, कंबर सांभाळली आणि आडवे झाले. रिकामी आकृती त्यांना कधी बघवलीच नाही.