आमी म्हणणारी मुलगी

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची तयारी मी करून घेते असं कळलं की लोक आधी विचारतात, तुम्ही स्वतः कुठे कुठे जाऊन आलात? मी सांगते, हैदराबाद. मग ते पुढचं काही विचारत नाहीत, आणि मलाही तेच हवं असतं.

हिंगोलीच्या ज्युनिअर कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोघी होतो, ती गेल्यावर मी उरले. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेचा अर्ज तपासून दिला, त्याला प्रवेश मिळाला, आणि तेव्हापासून माझ्या बाहेरच्या खोलीत मुलं येऊन बसायला लागली. अर्जासोबतचा निबंध, शिफारसपत्रं, व्हिसाची मुलाखत, आणि हे सगळं पार पडलं की तिकडचं राहणं. कपडे धुण्याचं यंत्र कसं लावायचं, खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या शांपूला हात का लावायचा नाही, प्राध्यापकांना नावानं हाक कशी मारायची. ही हाक मी त्यांना माझ्यावरच मारून बघायला लावते. आजवर एकालाही जमलेली नाही, सगळे नाव गिळून ‘मॅडम’ म्हणतात. ही सगळी माहिती आधी गेलेल्या मुलांनी मला फोनवर सांगितलेली. मी मात्र कालच विमानातून उतरल्यासारखी ऐटीत शिकवते.

ती मुलगी आली ती पुसेगावच्या पुढच्या एका खेड्यातून. घरी मेंढरं. परभणीहून जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेतलेली. मेंढरांच्या पोटातल्या जंतांवर तिला पुढे शिकायचं होतं, आणि तिकडच्या एका प्राध्यापकांशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. निबंधाचा पहिला खर्डा तिनं माझ्यापुढे ठेवला. पहिलंच वाक्य होतं, वुई वेअर बॉर्न इन अ शेफर्ड फॅमिली.

‘जुळी आहेस का गं?’ मी विचारलं.

‘न्हाई मॅडम.’

‘मग हे वुई कोण?’

‘आमीच की.’ ती जरा गोंधळली. ‘आमच्याकडं असंच म्हणतात. मी म्हणलं की कसंतरीच वाटतं. मी-मी केल्यावानी.’

आमच्या भागातल्या बऱ्याच मुली असंच बोलतात. आमी जेवलो, आमी पास झालो, आमाला ताप आला. तापसुद्धा एकटीला येत नाही. कागदावरचे सगळे ‘वुई’ मी लाल पेनानं खोडले, चार वेळा खोडले, तेव्हा कुठे निबंधात ‘आय’ आला. निबंध चांगला झाला. तिला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, प्राध्यापकांचं प्रेमळ पत्र आलं. राहिला फक्त व्हिसा.

कागद सुधारला, पण जीभ तशीच राहिली. मला ते कळत होतं. मुलाखतीच्या सरावात ती दर दोन वाक्यांनी ‘वुई’ म्हणायची आणि मी ते सोडून द्यायचे. काहून सोडलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मुलीचा आत्मविश्वास मोडू नये म्हणून. खरी गोष्ट अशी की मला ते ऐकायला आवडत होतं. ‘मॅडम, आमी चहा ठेवू का?’ असं आतून कुणी विचारलं की घरात चारपाच माणसं असल्यासारखं वाटायचं.

हैदराबादला अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, तिकडे कुठे राहणार? ही म्हणाली, वुई विल स्टे इन द होस्टेल. शिकून झाल्यावर काय करणार? वुई विल कम बॅक टू अवर शीप. बाईंनी मान वर करून विचारलं, वुई म्हणजे कोण? तुझ्याबरोबर आणखी कोण येतंय? ही इतकी घाबरली की तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं, वडील फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते. वुई, मॅडम, ओन्ली वुई, एवढंच तिच्या तोंडून निघालं. नकाराचा कागद हातात आला.

दोन दिवसांनी वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. खुर्चीत बसले नाहीत, उंबऱ्याजवळच टेकले. मला वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, ‘तुमी तर बराबर शिकवलं बाई. पोरीच्या तोंडातच न्हाई बसलं, त्याला तुमी काय करनार? तुमाला उगं तकलीफ झाली.’

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक माझी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. पुन्हा तारीख घेऊ, एवढंच मी म्हणाले. तिकडून प्राध्यापकांनी कळवलं होतं की जागा या सत्रापुरतीच राखता येईल. म्हणजे दुसऱ्यांदाही नकार आला असता तर सगळं संपलं असतं. तारीख मिळाली महिन्याभरानंतरची.

तो महिना ती माझ्याकडेच राहिली. पुसेगावहून रोज ये-जा करण्यात अर्धा दिवस जायचा. मी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, या घरात ‘आमी’ हा शब्द बंद. इंग्रजीत बंद आणि मराठीतही बंद. चुकून निघाला तर वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. पहिल्या आठवड्यात तिला चहा मागायलासुद्धा तीनतीन खेपा लागायच्या. मी चिडायचे, ती रडवेली व्हायची, आणि मी आणखी चिडायचे. माझा स्वभाव काही गोड नाही, हे तालुक्याला ठाऊक आहे.

त्यातच मी तिला एकटं जेवायला शिकवायला घेतलं. हा धडा मी सगळ्यांना देते. तिकडे गेलेली मुलं कशानं खचतात म्हणाल तर अभ्यासानं नाही, थंडीनंही नाही. भरलेल्या मेसमध्ये ताट घेऊन एकट्यानं बसावं लागतं, तिथं त्यांचा घास अडकतो. म्हणून मी तिला स्वयंपाकघरात बसवायचे आणि माझं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत यायचे. मध्ये दार लोटलेलं. हाक मारायची नाही, वाढू का विचारायचं नाही. ‘यात अवघड काय आहे?’ मी म्हणायचे. ‘मी इतकी वर्षं जेवतेच की.’

एकदा ती ताट हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. ‘मॅडम, तुमी काहून एकट्या जेवता? आमी हाओत ना घरात.’

‘पुन्हा म्हण,’ मी म्हणाले. ‘नीट.’

ती सावकाश म्हणाली, ‘मी आहे ना घरात.’

‘बरोबर,’ मी म्हणाले. ‘आता आत जाऊन जेव.’

ती गेली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. तिला बोलव, असं मनात दहादा आलं. तिच्या भल्यासाठीच मी तिला बोलावत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी ती घरी जाऊन आली, आणि तिच्या आईचा फोन आला. ‘बाई, पोरगी कुनावर रुसली का? मला भूक न्हाई म्हनती, मी मागून जेवते म्हनती. निस्तं मी-मी करून राहिली.’ मी म्हणाले, हे सगळं मुलाखतीपुरतं आहे, नंतर निघून जाईल. मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या वेळी ती काचेसमोर चार मिनिटं उभी राहिली आणि पासपोर्ट शिक्क्यासाठी ठेवून घेतला गेला, म्हणजे व्हिसा मिळाला. बाहेर येऊन तिनं आधी मला फोन केला. ‘झालं मॅडम.’ मी विचारलं, किती वेळा वुई म्हणालीस? ‘एकदाबी न्हाई.’ मला अतिशय आनंद झाला, त्या आनंदात मी शेजारणीच्या हातावर साखर ठेवून आले. परत येऊन पाहिलं तर तिनं निघताना घडी करून ठेवलेली सतरंजी खाटेवर तशीच होती. त्या खाटेवर मी बराच वेळ बसून राहिले.

ऑगस्टमध्ये ती गेली. सुरुवातीला दर आठवड्याला फोन यायचा, मग पंधरा दिवसांनी. तिचं उत्तम चाललं होतं. प्रयोगशाळा मिळाली, प्राध्यापकांना ती नावानं हाक मारू लागली, कपड्यांचं यंत्र पहिल्याच खेपेला लावता आलं. मी शिकवलेलं सगळं कामी आलं, असं ती प्रत्येक वेळी सांगायची. बोलणं मात्र छापील झालं होतं. मी बरी आहे, मी जेवले, मी अभ्यास करते आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी फोन आला. माझी सकाळ, तिची संध्याकाळ. ती मेसमध्ये बसली होती, मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता. काय जेवतेस, मी विचारलं. भात आहे, म्हणाली. मी म्हटलं, अगं खा मग, गार होईल.

‘मॅडम, एक विचारू?’ ती म्हणाली. ‘एकटं जेवायची तुमाला सवय व्हायला किती दिवस लागले? म्हणजे मी तेवढे दिवस मोजते.’

वर्षानुवर्षं मुलांना ठोकून सांगत आलेलं उत्तर माझ्या तोंडाशी तयार होतं. पंधरा दिवस लागतात, फार तर महिना. ते या वेळी बाहेर निघालं नाही.

‘मला अजून झालेली नाही,’ मी म्हणाले.

तिकडे मागे तो गलका चालूच होता. मग ती अगदी हळू म्हणाली, ‘हे तुमी मला तिथंच सांगायला पाहिजे व्हतं, मॅडम.’