भरदुपारी अंथरुणं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. आमची संस्था गरजूंना कमी भाड्यात घरं द्यायची. घरं मूठभर आणि अर्ज पोत्यानं, त्यामुळे कोणाचा नंबर लागायचा ते गुणांवर ठरे. गुण द्यायचे तर अर्जदाराच्या घरी जाऊन पाहणी करावी लागे. मोजणीबाईंनी ती सव्वीस वर्षं केली. मी त्यांच्या हाताखालचा कारकून, म्हणजे त्यांची पिशवी धरणारा आणि रोजच्या शिव्या खाणारा.

त्यांची पाहणीची तऱ्हा अशी. कोणाकडे चहा म्हणून घ्यायच्या नाहीत, पाणी मात्र हटकून मागायच्या. पाणी नळातून येतं, बादलीतून येतं की शेजारणीकडून, हे ग्लास हातात पडेपर्यंत कळायचं. मग कमरेवर हात ठेवून हुकूम सोडायच्या, "आता अंथरुणं घाला. रात्री घालता तशी."

भरदुपारी बारा वाजता! लोक हसत, लाजत, बाप्ये तर चिडतच. पण बाई हलायच्या नाहीत. एकदा मी म्हणालो, "बाई, हे नाटक कशाला? मोजमापं तर घेतलीत." तर माझ्यावरच उखडल्या. "अरे शहाण्या, कोणी येणार म्हटलं की माणूस घर आवरतं. लाज वाटते ना! अंथरुणं घातली की कळतं, कोणाचे पाय कोणाच्या डोक्याशी येतात ते."

मला हे पटलं नव्हतं. आपण मनात म्हणतो ना, बोलू दे म्हातारीला, तसं मी म्हटलं.

त्या वर्षी यादी बंद व्हायच्या आठवड्यात बाई तापानं आडव्या झाल्या आणि एका बसड्रायव्हरच्या घरची पाहणी मी एकट्यानं केली. अर्जात माणसं चार. नवरा, बायको, दोन शाळकरी मुली. एक खोली, एक स्वयंपाकघर, दोन्ही इतकी लखलखीत की मी बूट बाहेर काढूनही पाय पुसले. ड्रायव्हरची बायको घरी शिवणकाम करायची. अंथरुणं घाला म्हणायची मला लाज वाटली. मी चहा घेतला, तिच्या टापटिपीचं तोंडभर कौतुक केलं आणि ऑफिसात येऊन चौतीस गुण लिहिले. घर मिळायला चाळीस लागत.

यादी बंद व्हायच्या दिवशी सकाळी बाई उगवल्या. ताप पुरता उतरला नव्हता. माझा अहवाल त्यांनी दोनदा वाचला.

"झोपतात कुठे हे?"

"खोलीत. चारच तर माणसं आहेत."

"अंथरुणं घातली होतीस?"

मी पंख्याकडे बघितलं.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

आम्हाला दारात बघून ड्रायव्हरच्या बायकोचा चेहरा उतरला. पाणी आलं, हुकूम सुटला, आणि ती बिचारी मुकाट्यानं गाद्या पसरू लागली. चार अंथरुणं बसली. जरा दाटीवाटीनं, पण बसली. मी बाईंकडे असं बघितलं की बघा, मी म्हटलं नव्हतं? बाई तिथे नव्हत्याच. त्या मागच्या बोळात, बाथरूमच्या दाराशी उभ्या होत्या. तिथे हात असलेली एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीवर उशी, उशीवर घडी घातलेली शाल. खुर्चीचे मागचे पाय कापडाच्या पट्टीनं पाण्याच्या पाइपाला बांधलेले.

"ही कोणाची गं?"

"पाहुण्यांची."

"पाहुण्यांची खुर्ची बांधून ठेवतेस? पळून जातात का तुझे पाहुणे?"

ती हसेल असं मला वाटलं. ती मटकन गादीवर बसली आणि रडायला लागली.

"मामंजी झोपतात तिथे. आडवं झालं की खोकला थांबत नाही, म्हणून बसूनच झोपतात. डुलकीत खुर्ची कलंडली एकदा, म्हणून बांधली."

"मग अर्जात का नाहीत ते?"

"काय सांगू ताई, आम्ही नऊ घरं बघितली. भाडं ठरतं, सगळं ठरतं, आणि मामंजी खोकले की मालकाचं तोंड वाकडं होतं. आजारी म्हातारा बघून तुम्ही तरी कसं घर द्याल?"

"आत्ता कुठे आहेत?"

"बागेत बसलेत. यादी बंद होईपर्यंत कोणीही बघायला येईल, म्हणून रोज सकाळीच जातात. हे साहेब आले होते तेव्हाही तिथेच होते."

साहेब म्हणजे मी. मी इथे चहा पीत तिच्या टापटिपीची वाखाणणी करत होतो आणि घरातला सगळ्यांत थोरला माणूस बाकावर बसून मी जायची वाट बघत होता. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

पाचव्या माणसाचे दहा गुण, आजाराचे पंधरा. एकोणसाठ झाले असते. पण अर्जाच्या तळाशी छापलेलं होतं, खोटी माहिती दिल्यास अर्ज रद्द. ते तिनंही वाचलं होतं. "आता सगळंच गेलं ना?" तिनं विचारलं.

"जाऊ शकतं," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना कधी जमलं नाही. "दवाखान्याचे कागद दे इकडे."

ऑफिसात परतल्यावर निवड समितीच्या अध्यक्षांनी अर्ज बघितला आणि तीच ओळ दाखवली. "बाई, माणूस लपवलाय. ही खोटी माहिती आहे."

"साहेब, घर मिळावं म्हणून खोटं बोलणारे आपण ढिगानं बघितले," बाई म्हणाल्या. "हे पहिलेच असे, की ज्यानं घर मिळालं असतं तेच लपवून बसले. ह्याला लबाडी म्हणायचं?"

अध्यक्षांनी बराच वेळ चष्मा पुसला. "पाचच्या आत म्हातारबुवांना समोर आणा. समितीला बघू द्या, मग ठरवू."

साडेतीन वाजले होते. मी धावतच बागेत गेलो. कोपऱ्यातल्या बाकावर एक हडकुळे आजोबा टोपी सारखी करत बसले होते. मी कोण ते सांगताच घाईघाईनं म्हणाले, "मी बसतो हो अजून, मला काही घाई नाही. तुमचं होऊ द्या निवांत."

"आजोबा, तुम्हालाच न्यायला आलोय. समितीसमोर यायचंय."

"मला बघितलं तर मिळेल का हो त्यांना घर?"

"तुम्हाला बघितलं तरच मिळेल."

मी चेष्टा करतोय असंच त्यांना वाटलं असावं. वाटेत रिक्षात त्यांनी दोनदा विचारलं, "आणि खोकला आला तर?"

समितीच्या खोलीत सून आधीच येऊन उभी होती. आजोबांना खुर्ची दिली. अध्यक्षांनी वय विचारलं, दवाखाना विचारला. आजोबा एका शब्दात उत्तर देत आणि लगेच रुमाल तोंडावर दाबत. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, खांदे थरथरायला लागले, पण हा माणूस खोकला सोडेना. नऊ घरमालकांपुढे असाच बसला असणार.

मोजणीबाई उठल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "खोका, आजोबा. मोकळेपणानं खोका."

मग ते खोकले. दोन मिनिटं, तीन मिनिटं, थांबेचना. अध्यक्षांनी स्वतः उठून पाणी दिलं, आणि जागेवर येऊन यादीत नाव लिहिलं. सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आजोबांना धाप लागली होती. डोळे पुसत ते सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "माफ करा हं."

"माफी कसली मागता!" बाई खेकसल्या. त्यांचा आवाज फुटलेला मी त्या एकदाच ऐकला. "पंधरा गुण आहेत त्याचे."