दळण नाही, बायोस

पहाटेपासून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. दुसऱ्या दिवशी वर्ध्याचा बाजार होता. पाठ इतकी दुखत होती की सरळ बसलं तरी दुखायची आणि वाकलं तरी दुखायची. मुलगी माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली होती.

ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांशी बोलते. लॅपटॉप जुनाच घेतलेला. पंधरा दिवसांपासून तो तापायचा आणि बोलता बोलता बंद पडायचा. तिच्या वरच्या बाईनं सांगून टाकलं होतं, आणखी एकदा असं झालं तर आम्ही दुसरी मुलगी पाहू. वर्ध्याचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, बायोस अपडेट करून पाहा, आतला पंखा नीट फिरेल.

"बाईस कशाचे?" मी विचारलं. मला बावीसचा आकडा ऐकू आला होता.

"बाईस नाई वं आई, बायोस. लॅपटॉप सुरू केला का पयले तेच उठते, मंग बाकीच्याले उठवते."

म्हणजे घरातली बाई, मी मनात म्हटलं.

"पण ते बदलून राह्यलं तवा लाइट गेली, तर मंग हा उठतच नाई. कायमचा गेला. बॅटरी तर याची मेल्यावानीच हाय." तीन दिवसांपासून ती बटनाजवळ बोट न्यायची आणि मागे घ्यायची. "करू का नको? तू सांग ना वं."

मला कोणी असं विचारत नाही. घरातलं सगळं ठरून माझ्यापर्यंत येतं. मला त्या लॅपटॉपमधलं काही कळत नव्हतं, पण लाइटचं कळत होतं. आमच्या गावची लाइट कधी जाणार ते लाइनमनला माहीत असतं. त्याला फोन नेहमी मुलीचे बाबा करतात, पण ते वावरात गेले होते. मुलगी म्हणाली, "तूच लाव. मी लावला तर तो धा गोष्टी विचारते."

परक्या माणसाला मी कधी फोन करत नाही. तरी लावला.

"भाऊ, आज लाइट जाणार हाय काय?"

"काऊन वं काकू? दळण दळाचं हाय काय?"

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं. लॅपटॉप म्हणायची लाज वाटली.

"मंग संध्याकाळी दळजो. मी खांबापाशीच हावो, पाच मिनिटात लाइन बंद करतो. का काका उपाशी बसले हायेत?" तो हसला आणि फोन ठेवला.

मी वळून पाहिलं तर मुलीनं बटन दाबलं होतं. तिला फक्त माझं "हो" ऐकू आलं होतं आणि ते तिला तिच्याच प्रश्नाचं उत्तर वाटलं होतं. पडदा काळा, त्यावर एक पांढरी रेघ हळूहळू पुढे सरकत होती.

"अवं, तो लाइन बंद करून राह्यला!"

तिचा चेहरा पाहवला नाही. मी पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आणखी लावला.

"आता काय वं काकू?"

"भाऊ, लाइन बंद नोका करू. दळण नाई, बायोस हाय."

"बाईस? बाईस कशाचे?"

"बायोस. लॅपटॉपचं. पोरीनं सुरू करून टाकलं. मधात लाइट गेली तर तो मरते, तिची नोकरी हाय त्याच्यावर. दळणाचं मी खोटं बोलली."

इतकं सलग मी बाहेरच्या माणसाशी कधी बोलले नसेन.

"मंग पयलेच काऊन नाई सांगतलं? किती वेळ लागते?"

"अर्धा घंटा."

"बसतो मंग इथंच. झालं का फोन करजो. ऊन लय हाय, लवकर आटपा म्हणा तुमच्या बाईसले."

आम्ही दोघी त्या रेघेकडे पाहत बसलो. ती संपली, लॅपटॉप बंद झाला, सुरू झाला, पुन्हा बंद झाला. मुलीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग तिचा नेहमीचा हिरव्या डोंगराचा फोटो आला. मी लाइनमनला कळवलं. लगेच लाइट गेली आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

त्या गोष्टीला आता दोन महिने झाले. लॅपटॉप अजून बोलता बोलता बंद पडलेला नाही, नोकरीही आहे. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. आम्ही घामानं चिंब झालो होतो.

"तू हो म्हटलं म्हणून दाबलं मी," मुलगी म्हणाली.

"ते मी त्याले म्हटलं होतं."

"मंग मले काय म्हटलं असतं?"

खरं तर मी राहू दे म्हणणार होते. आजकाल सगळ्यालाच म्हणते, त्यात कमी बोलावं लागतं. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"करच म्हटलं असतं," मी म्हणाले, आणि जुड्या बाजूला सारून तिथेच जमिनीवर आडवी झाले.