ओव्हाळ आणि आठ सिलिंडरची गाडी

धम्मरत्न ओव्हाळांनी सव्वीस वर्षं इंजिनं ऐकली. चाकणच्या एका कंपनीत ते टेस्ट बेडवर होते. लाइनवरून नवं इंजिन आलं की ते लोखंडी चौकटीवर कसायचं, पाइप-वायरा जोडायच्या, पेटवून पळवायचं आणि त्यात कुठे काही खुट्ट होतंय का ते बघायचं. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे. ओव्हाळ ते घालत नसत. बोळे घातले की इंजिन काय सांगतंय ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुपरवायझर त्यावरून ओरडायचा. पुढे पुढे त्याचं ओरडणंही कमी ऐकू यायला लागलं.

पन्नाशी ओलांडेपर्यंत बारीक आवाज सगळे गेले होते. कुकरची शिटी कळत नसे, मोबाइलची रिंग कळत नसे. नेहरूनगरच्या दोन खोल्यांत बायको कस्तुरा समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून बोलायची. मुलगी मोनिका हिंजवडीत नोकरीला. तिचा आवाज मुळातच नाजूक, त्यातलं निम्मं बापापर्यंत पोचतच नसे. "काय? काय म्हणालीस?" असं दोनदा झालं की ती "काही नाही, बाबा" म्हणायची. हळूहळू तिनं सांगणंच कमी केलं.

मग कंपनीत बॅटरीवरच्या गाड्यांचं काम आलं आणि टेस्ट बेड बंद झाला. एका सोमवारी खोलीला कुलूप दिसलं, एवढंच. ओव्हाळांना गाडीच्या दारांची फट तपासायच्या कामावर टाकलं. पट्टी घालायची, बघायचं, टिक करायची, पुढचं दार. आठ तास उभ्यानं. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. रिटायर व्हायला चार वर्षं होती.

त्याच लाइनवर जवळच्या कुरुळी गावचा समाधान होता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो काहीतरी बोलला. ओव्हाळांना ते कळलं नाही, तसा त्यानं सरळ मोबाइलवर फोटो दाखवला. आमसुली रंगाची, लांब नाकाची, बुटकी गाडी.

"आमच्या चुलतभावाची हाय, शेखरची," तो कानाशी येऊन म्हणाला. "अमेरिकन मस्टँग. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले. रविवारी बघता का?"

रविवारी विश्रांती घ्यायची, असं ओव्हाळांनी ठरवलं होतं. तरी ते गेले.

शेखरच्या घराण्याची जमीन कारखान्यांकडे गेली होती. उरलेल्या तुकड्यावर गोडाऊनं उभी होती, त्यातल्या एकात ही गाडी. शेखर पस्तिशीचा. कॉलेजात असल्यापासून त्याला अमेरिकन गाड्यांचं वेड. मुंबईतल्या कुणाच्या तरी गॅरेजात ही अडुसष्ट सालची गाडी वर्षानुवर्षं धूळ खात होती, ती त्यानं मागे लागून मिळवली होती. दाराशी त्याचे वडील दादासाहेब काठी टेकून उभे होते.

"कुनाचा रं तू?" त्यांनी विचारलं.

"नेहरूनगरचा. ओव्हाळ."

"बरं, बरं." म्हाताऱ्याला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर आडनावात मिळालं होतं. थोड्या वेळानं चहा आला तो सगळ्यांसारख्याच कपात आला. ओव्हाळांनी ते पाहिलं. पाहायची सवय जात नाही.

"ह्या डबड्यापायी पोरगं येडं झालंय," दादासाहेब म्हणाले. "ना नांगराला कामाचं, ना बाजाराला. आन् वर हालत बी न्हाई."

शेखरनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, धुराडं फटाक्यासारखं वाजलं, गाडी थडथडून बंद पडली.

"स्कॅनर लावायला ह्यात कॉम्प्युटरच नाही, काका," शेखर म्हणाला. तो मोठ्यानं आणि सावकाश बोलत होता. समाधाननं त्याला सांगून ठेवलं असावं. "नवे प्लग टाकले, कार्बोरेटर दोनदा धुतला. वायरा तिघांनी तपासल्या, कुठला सिलिंडर कधी पेटायचा, त्याचा नेटवर ह्या इंजिनाचा जो क्रम दिलाय तोच लावलाय."

"नेटवरचा बरोबर असेल. पण आतलं इंजिन तेच आहे कशावरून?"

शेखर बॉनेटखाली वाकून बघायला लागला.

ओव्हाळांनी आठही प्लग काढायला लावले. मग शेखरला खाली बसवून पान्यानं इंजिन हळूहळू हातानं फिरवायला सांगितलं आणि स्वतः एकेका भोकावर अंगठा दाबून धरला. ज्या सिलिंडरची पाळी येते त्यातली हवा अंगठा वर ढकलते. पहिला. मग तिसरा. मग सातवा. प्रत्येक आकडा ते खडूनं फरशीवर मांडत गेले. शेखर घाईनं फिरवायचा, की आकडा निसटायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ओव्हाळांची कंबर भरून आली. बारा वाजून गेले तेव्हा फरशीवर आठ आकड्यांची ओळ पुरी झाली होती, आणि ती नेटवरच्या ओळीसारखी नव्हती.

"सिलिंडरची पाळी ठरवणारा आतला कॅम कुणीतरी कधीतरी बदललाय," ओव्हाळ म्हणाले. "दुसऱ्या इंजिनाचा बसवलाय. चार वायरा चुकीच्या जागी आहेत."

चार वायरा बदलल्या. शेखरनं पुन्हा चावी फिरवली.

गाडी चालू झाली. मोठ्या डफावर कुणीतरी सावकाश थापा देतंय, पण मुद्दाम थोड्या पुढंमागं, असा तो आवाज होता. फरशीतून तळपायात चढला, बरगड्यांमागे जाऊन बसला. ओव्हाळ जवळच्या ऑइलच्या डब्यावर बसले. गेली कितीतरी वर्षं प्रत्येक आवाज त्यांना ओढून आणावा लागत होता. समोरच्याचे ओठ बघायचे, अंदाज बांधायचा, चुकला की हसून वेळ मारून न्यायची. त्यानंच माणूस दमतो, हे कुणाला सांगून कळत नाही. हा आवाज आपणहून आला होता. ते नुसते बसून राहिले.

शेखर टाळ्या पिटत होता. "बंद करा रं," दादासाहेब ओरडत होते, "म्हसरं बिचकत्यात!"

पुढच्या रविवारी शेखर त्यांना तळेगावला घेऊन गेला. तिथं एका हॉटेलच्या आवारात गाड्यांचे शौकीन सकाळी जमत. मस्टँगचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे ओव्हाळ उजवीकडे बसले. पुढच्या कंटेनरला ओलांडायचं तर रस्ता त्यांनाच दिसे. "मोकळा आहे... थांबा, टँकर येतोय... आता जा." समोरून येणारे लोक स्टिअरिंगशिवाय बसलेल्या या माणसाकडे डोळे फाडून बघत. गतिरोधकावर गाडी तिरकी घ्यावी लागे, तरी पोट घासेच. पण एका मोकळ्या पट्ट्यात शेखरनं पाय दाबला तेव्हा पाठ सीटला चिकटली आणि ओव्हाळांना एकदम हसू फुटलं.

हॉटेलपाशी पोरं गाडीभोवती गोळा झाली. "भावा, आवाज काढ ना!" शेखरनं ओव्हाळांना पुढे केलं. "ह्या काकांनी जिवंत केली." एकानं लगेच मोबाइल रोखला. "काका, फॉल्ट कसा सापडला?"

सगळीकडून इंजिनं गुरगुरत होती. ओव्हाळांना फक्त पोराचे ओठ हललेले दिसले. कामावर कधी जाता, असं काहीसं विचारलं असेल, असं त्यांना वाटलं.

"साडेपाचला उठतो," ते म्हणाले.

हशा पिकला. शेखरही हसला. ओव्हाळही हसले, आणि मग जाऊन गाडीत बसून राहिले. परतताना शेखर काहीबाही बोलत होता. ओव्हाळांनी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

तो व्हिडिओ फिरत फिरत मोनिकाच्या मोबाइलवर आला. तिनं तो बापाला दाखवला नाही. शनिवारी सुट्टी काढून ती त्यांना चिंचवडला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणी झाली, आलेख निघाला. डावीकडे सपाट चाललेली रेघ उजवीकडे घसरत खाली गेली होती.

"जाडे, खोल आवाज शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई मोनिकाला म्हणाल्या. "वरचे गेलेत. बायकांचे, मुलांचे आवाज ह्यांना फार त्रासाने ऐकू येत असणार."

मोनिका त्या रेघेकडे बघत राहिली. बाबांचं आपल्याकडे लक्षच नसतं, असं तिनं कस्तुराजवळ कितीदा तरी बोलून दाखवलं होतं.

कानात मशीन आलं. पहिल्या दिवशी फोडणीच्या चरचरीनं ओव्हाळ दचकले. मग मोनिका बोलली. त्यांच्या मनात तिचा शाळेत जायच्या वयातला आवाज होता. समोर बोलत होती ती एक मोठी बाई, थोडी खरखरीत, थोडी थकलेली. ऑफिसात काय चाललंय ते ती अर्धा तास सांगत होती. सगळंच कळलं नाही, पण त्यांनी "काय?" असं एकदाही विचारलं नाही.

रविवारी ते कुरुळीला शेखरच्या गोडाऊनात जातच राहिले, पण तिथं मशीनचा उपयोग नव्हता. त्यातून मस्टँग पत्रा बडवल्यासारखी वाजे. बॉनेट उघडण्याआधी ते मशीन काढून डबीत ठेवत.

"काका, नोकरी सोडा," शेखर एकदा म्हणाला. तळेगावच्या हसण्याबद्दल त्यानं पुढच्याच रविवारी माफी मागितली होती. "मी अजून दोन आणतोय. तुम्ही फक्त ह्याच बघा."

"शेखरराव, सारखं उभं राहून राहून जीव आंबलाय. आहे ती नोकरी संपवतो, मग नुसता झोपणार आहे."

दोन गाड्या काही आल्या नाहीत. वर्षाच्या आत शेखरचं मन दुसरीकडे गेलं. गोडाऊनंच वाढवायची निघाली, नाशिक रस्त्याच्या कोंडीत गाडी तापायची, आणि एका गतिरोधकानं सायलेन्सर उखडला, ते निमित्त झालं. हैदराबादच्या एका शौकिनानं मस्टँग घेतली.

न्यायला ट्रक आला तेव्हा शेखर कामासाठी मुंबईत होता. ओव्हाळांनीच गाडी चालू केली आणि फळ्यांच्या चढणीवरून ट्रकवर घातली. उतरण्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करनं त्यांनी आठ आकडे लिहिले आणि खाली लिहिलं, 'हाच क्रम. बदलू नये.'

दादासाहेब फाटकाशी उभे होते. ट्रक वळणाआड गेल्यावर ते म्हणाले, "गेलं येकदाचं." मग फाटक लोटत म्हणाले, "आवाज मातुर बरा व्हता."

"हां," ओव्हाळ म्हणाले.

तीनची पाळी होती. स्कूटरवरून ते चाकणकडे निघाले. रस्ता कंटेनरनी भरला होता. अर्ध्या तासानंतर ते लाइनवर उभे राहिले, पट्टी हातात घेतली आणि पहिल्या दाराकडे वाकले.