वह्या नसलेला वर्ग

आमच्या भूगोलाच्या मास्तरांइतका कागदाचा वैरी उभ्या तापीखोऱ्यात दुसरा झाला नसेल. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या मराठी शाळेत ते शिकवत, पण रजेचा अर्जसुद्धा त्यांनी कधी लिहिला नाही. सर्दी झाली की हेडमास्तरांकडे मफलर पाठवायचे, पोट बिघडलं की ओव्याची पुडी. हेडमास्तर बिचारे मुकाट्याने रजा मांडून टाकत. एकदा नुसता चष्मा आला, तेव्हा मास्तरांचे डोळे आलेत की चष्माच बिघडलाय, यावर शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला होता.

दिवाळीनंतर ते प्रत्येकाला एकेक विषय शोधायला द्यायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तो शाळेच्या अंगणात मांडायला लावायचे. अट एवढीच की हातात कागद नको आणि बघणाऱ्यालाही काम पाहिजे. "वाचून कोणाले समजते? दाखव!" हे त्यांचं पालुपद. इच्छापुरच्या एका मुलाने केळीचा अख्खा खांब आणला आणि साऱ्या वर्गाकडून एकेक सोपट सोलवून घेतलं. आत वर चढत निघालेलं केळफूल सापडलं, तेव्हा मुलांपेक्षा मास्तरच मोठ्याने ओरडले. एका कोष्ट्याच्या मुलीने आम्हाला ताण्याच्या धाग्यांसारखं ओळीत उभं केलं आणि स्वतः धोटा होऊन आमच्यामधून इतक्या खेपा घातल्या की भोवळ येऊन पडली. तिला पाणी पाजता पाजता मास्तर आम्हाला म्हणाले, "समजलं का, एका लुगड्यात किती कोस राहतात?"

मग प्रांतांची नवी मांडणी झाली. नागपूर आमच्यापासून सुटलं, आणि आमची शाळा भोपाळच्या कारभारात गेली. मराठी वर्ग ठेवायचे की नाही हे ठरवायला एक इन्स्पेक्टर येणार होते. वर्ग गेले तर मास्तरही जाणार, हे आम्हा सातवीच्या मुलांनाही कळत होतं.

ते आले त्या दिवशी मांडणी माझी होती. डोंगरातून जमिनीखालच्या बोगद्याने, विहिरींसारख्या कुंड्यांच्या रांगेतून शहरात येणारं पाणी हा माझा विषय. मैत्रिणींना कुंड्या करून मी अंगणाच्या उतारावर उभं केलं, हातांत पपईच्या पानांचे पोकळ देठ दिले आणि वरून तांब्याने पाणी सोडलं. साहेबांनाही एक देठ धरायला लावला. त्यांचे बूट भिजले, तरी ते हसले. मला वाटलं, जिंकलो आपण. मग रुमालाने हात पुसत ते म्हणाले, "बहुत बढ़िया। अब कॉपियाँ दिखाइए।"

वह्या होत्याच कुठे? मास्तर तोंड उघडणार इतक्यात मी पुढे होऊन म्हणाले, "घर पे हैं साहब, कल लाएँगे।"

शाळा सुटल्यावर सगळा वर्ग आमच्या ओट्यावर जमला आणि वर्षभराच्या वह्या एका बैठकीत लिहून झाल्या. जुन्या दिसाव्यात म्हणून पानांना चहा फासला, कोपरे चुरगळले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी गठ्ठा चाळला, मान डोलावली आणि शेरा लिहायला पेन काढलं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "साहब, ये कल शाम की हैं। बच्चों ने मेरे लिए लिखी हैं।"

मला आजही त्यांचा राग येतो. एक दिवस गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पुढच्या वर्षी मराठी वर्ग बंद झाले आणि मास्तरांची बदली खंडव्याकडच्या एका खेड्यात, हिंदी शाळेत झाली. निरोपाच्या वेळी मी रडत होते, तर उलट माझीच समजूत घालत म्हणाले, "कुंड्या मस्त मांडल्या होत्या तू, पोरी." वह्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

लग्नानंतर एकदा त्या बाजूला जाणं झालं, तेव्हा मुद्दाम त्यांच्या शाळेत डोकावले. मास्तर फार थकले होते. अंगण मोकळं पडलं होतं. मुलं खाली माना घालून फळ्यावरचं उत्तर उतरवून घेत होती. मास्तरांनी कपाट उघडून मला वह्यांचे गठ्ठे दाखवले. सगळ्यांना खाकी कव्हरं, तांबडे समास, आणि पानोपानी तीच उत्तरं. "आता इन्स्पेक्टर खूश राहतात," ते म्हणाले.

एक वही चाळत मी म्हणाले, "छान आहेत, सर."

त्यांनी ती वही माझ्या हातातून हलकेच काढून घेतली, गठ्ठ्यात सरळ करून ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तू तरी खोटं नको बोलू, बेटा."