डावा पंख

मागच्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी सव्वाआठला, नवेगाव बांधच्या तलावाकाठी प्रकल्पप्रमुखांनी मला विमानाला हात लावायला मनाई केली.

"पूजा झाली आहे. आता तू शिवू नकोस."

विमान वैमानिकाविना उडणारे. त्याच्या पंखांवर मी चार वर्षे काम केले होते. एका हवाई संशोधन संस्थेत मी कंत्राटी अभियंता होते. ट्रकमधून आणताना बसलेल्या धक्क्यांनी पंखाचे थर आतून सुटू शकतात. म्हणून उड्डाणाआधी लहान हातोडीने पंख ठोकून ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आत पोकळी.

उजवा पंख मी आदल्या संध्याकाळी ठोकला. कुणी अडवले नाही. मग तलावाकाठच्या आमच्या गावातून बाबा सगळ्यांसाठी मासे घेऊन आले. तुम्ही कोण, असे प्रमुखांनी विचारले, तेव्हा बाबांनी सांगितले, "आमी ढिवर आहो, साहेब. मासे धरनारी जात."

मासे कुणी शिजवले नाहीत.

डावा पंख सकाळसाठी राहिला होता. एक सहकारी त्याच पंखाला टेकून उभा होता. "ताई, हा डोंगा नाही," तो म्हणाला. बाकीचे हसले.

प्रमुखांनी तपासणीचा कागद पुढे केला. "दोन्ही पंख ठोकले असं लिही आणि सही कर. तुझं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

 विमान, ते पाहायला जमलेल्या गावकऱ्यांच्या डोक्यावरून तलावाकडे जाणार होते. पहिल्या रांगेत बाबा होते. पाण्यात लोटण्याआधी ते आपला डोंगा, लाकडी होडी, असाच ठोकून पाहतात.

"काऊन थांबली वो माय?" ते ओरडले. "ती बाजू राहिली ना!"

पंख कदाचित ठीकही असेल. मला माहीत नव्हते. 

मी लिहिले : उजवा पंख ठोकला, ठीक. डावा ठोकू दिला नाही. कारण, माझी जात. उड्डाणास मंजुरी नाही. खाली पूर्ण नाव, आडनावासह.

"फाड तो," प्रमुख म्हणाले.

"नाही." कागद मी हातातच ठेवला. पुन्हा म्हणाले, "नाही फाडणार."

कागदाचा फोटो मी तिथूनच मुख्यालयाला पाठवला. त्या दिवशी उड्डाण झाले नाही. महिनाअखेरीस माझे कंत्राट वाढवले गेले नाही. डावा पंख नंतर कुणी ठोकला का, ते मला कळलेले नाही.

मुख्यालयाने नेमलेल्या चौकशी समितीने माझे लेखी म्हणणे मागवले. 'माझी जात' हे शब्द वगळावेत, अशी समितीची तोंडी सूचना होती. मी त्या कागदावरचाच मजकूर पाठवला, एकही शब्द न वगळता.

अजून तरी फक्त पोच मिळाली आहे.