दस्तगीर हवालदाराविरुद्धची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट माहीत नाही.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी कबनूरला मागावर कामाला होतो. सूतचोरीच्या संशयावरून मला ठाण्यात नेलं आणि फौजदारानं स्वतः पट्ट्यानं पाठ सोलून काढली. दस्तगीर हवालदार मध्ये पडला, म्हणून वाचलो. त्यानंच मानेखाली हात घालून पाणी पाजलं.

चोर दुसराच निघाला. मी वर अर्ज केला — ठाण्यात मारहाण झाली, एवढाच. चौकशी लागली. साक्षीच्या आदल्या दिवशी फौजदार खोलीवर आला. दस्तगीरनं मारलं असं सांग, नाहीतर तुझ्यावर दुसरी केस घालतो, म्हणाला. मी भ्यालो. पण नुसता भ्यालोच का? — फौजदाराशी बरं राहिलेलं चांगलं, हेही मनात होतंच की.

चौकशीत मी दस्तगीरकडे बोट दाखवलं. त्याला मला काही विचारायचं होतं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारू दिलं नाही. आणि मला हायसं वाटलं — हायसं! एकच प्रश्न आला असता, तरी माझी बोबडी वळली असती.

तो बडतर्फ झाला. वखारीत लाकडं फोडायला लागला. मी तो रस्ताच टाकला.

पण तो कोल्हापूरच्या कोर्टात गेला. दोन-अडीच वर्षांनी निकाल लागला: ज्याच्या शब्दावर माणसाची नोकरी गेली, त्याला एक प्रश्नही विचारू दिला नाही, ती चौकशीच नव्हे. बडतर्फी रद्द. त्या जज्जांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या हातून मोडलेलं एक घर त्यांनी पुन्हा उभं केलं — त्यांचे उपकार मी रोज मानतो. आणि दस्तगीरचेही. तो गप्प घरी बसला असता, तर?

कामावर परतल्यावर एकदा तो बाजारात समोर आला. मी वळणार, तेवढ्यात म्हणाला, "पावणं, पाठ बरी हाय न्हवं आता?"

"व्हय," म्हणालो. माफी ओठांवर आली होती का? नाही — आलीच नव्हती. पिशवी उचलली नि चालू लागलो.

दस्तगीर हवालदार आता नाही. साक्ष खोटी होती, आणि ती मी दिली होती.